आंब्याखालच्या लॉनला दर जानेवारीत टक्कल पडतंय? आधी सावली मोजा, मग कार्पेट आणा

तीन वर्षांत तीन वेळा कार्पेट, म्हणजे नर्सरीतनं गुंडाळून आणलेलं तयार लॉन, टाकलं आणि तिन्ही वेळा संक्रांतीच्या आसपास आंब्याखाली टक्कल. जूनमधे टाकलं की गणपतीपर्यंत असलं हिरवंगार की आलेलं पाव्हणं आधी फोटो काढणार, दिवाळीला जरा विरळ, आणि तिळगूळ वाटायच्या वेळेला खालची माती दिसायला लागती. कोल्हापुरात नागाळा पार्कात आमचं जुनं घर, पुढं छोटं अंगण, अंगणात आबांनी लावलेला पायरी आंबा आणि दक्षिणेला सहा-सात वर्षांपूर्वी उभं राहिलेलं चार मजली अपार्टमेंट. पहिल्या वर्षी मी पाणी वाढवलं, दुसऱ्या वर्षी युरिया मारला, तिसऱ्या वर्षी नर्सरीवाल्याशी भांडलो. तिन्ही चुकलं, भांडण तेवढं थोडं बरोबर होतं, ते पुढं येईल. ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतोय, जरा लांबेल.

सगळ्यात आधी एक खात्री करा की हे सावलीचंच दुखणं आहे. कोल्हापुरात ऊसवाल्याच्या घरातल्या पोराला हुमणी, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी अळी, सांगायला नको, पण तीच हुमणी लॉनच्या मुळ्या पण खाती हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात आणि रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर असल्या झाडांच्या पाल्यावर बसतात, म्हणजे तुमचं टक्कल कडुनिंबाच्या आसपास असेल आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमधे पडलं असेल तर पहिला संशय हुमणीवर घ्या. गवत मुठीत धरून ओढायचं. सतरंजी गुंडाळल्यासारखं मुळाशिवाय वर आलं आणि खाली पांढरी सी आकाराची अळी वेटोळं घालून पडलेली दिसली तर विषय संपला, सावलीचं पुढचं सगळं वाचायची गरज नाही. गोल गोल ठिपके पडून कडेला पिवळी-तांबडी रिंग दिसत असेल तर बुरशी बघा. सावलीचं टक्कल वेगळं असतं. ते एका दिवसात पडत नाही. पात्या आधी लांब, बारीक, फिक्या आणि उभ्या होतात, दोन पेऱ्यांमधलं अंतर वाढतं, धावत्या फांद्या झाडापासनं लांब उजेडाकडं पळायला बघतात, आणि बुंध्याकडनं कडेकडं विरळ होत जातं. जमिनीवर शेवाळ दिसायला लागलं तर मग ते कन्फर्मच समजा.

आता मला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न: सावलीनंच मरायचं होतं तर पहिले तीन-चार महिने एवढं झकास का दिसतं? ह्याचं उत्तर मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. कार्पेट नर्सरीत भर उन्हात वाढलेलं असतं, त्याच्या खोडात, पेऱ्यात, मुळ्यात साखर आणि स्टार्च साठलेला असतो. म्हणजे ऊसवाल्याला कारखान्याकडनं मिळते तसली पहिली उचल घेऊनच ते तुमच्या अंगणात येतं! तुमच्या सावलीत त्याची रोजची कमाई खर्चापेक्षा कमी, मग साठवणीतनं भागवतं. गणपतीला जे हिरवं दिसतं ते नर्सरीच्या उन्हावरचं असतं, तुमच्या नाही. त्यात दर आठवड्याला आपण ते बारीक कापतो, म्हणजे कमावणारं पानच काढून टाकतो. आणि उचल संपली की दुसरा हप्ता काही येत नाही, कारखान्याचा तरी उशिरा का होईना येतो.

थोडं शास्त्र सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. आपल्याकडं लॉनला चालणारी सगळी गवतं उष्ण हवामानातली, सी-४ प्रकारची. हा सी-४ प्रकार शास्त्रज्ञांना मुळात सापडला तो उसात. हवाईत कोर्टशाक आणि मंडळींनी उसाच्या पानात वेगळं काहीतरी होतंय हे बघितलं आणि पुढं ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला साखर कंपनीच्या लॅबमधे हॅच आणि स्लॅक ह्या दोघांनी १९६६ मधे ती वाट नीट मांडली. हरळी, झॉयसिया (हे पण लॉनचंच एक गवत), मका, ज्वारी सगळे ह्याच वाटेचे. ह्या वाटेत हवेतला कार्बन पकडून पानाच्या आतल्या खोलीत दाबून भरायचा जादा पंप असतो, त्यामुळं कडक उन्हात ही पिकं सुसाट सुटतात, पण त्या पंपाला जादा वीज लागती. साध्या सी-३ वनस्पतीला कार्बन डायऑक्साइडच्या एका कणामागं ३ एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी म्हणा) लागतात, सी-४ ला ५. उन्हात वीज फुकट असती तेव्हा हे परवडतं, सावलीत नाही परवडत. बांधावरच्या आंब्याखालचा ऊस कधी बघितलाय का, कसला काडीसारखा असतो, तोडणीवाले पण तिकडं बघत नाहीत. लॉनचं तेच होतंय, फक्त ते आठवड्याला कापलं जातं म्हणून काडी दिसत नाही एवढंच.

दुसरी गंमत लांब होणाऱ्या पात्यांची. तासगावकडचे द्राक्षवाले घड लांबवायला जीए मारतात ते माहीत असेल, जिबरेलिक ॲसिड. सावलीत गवत स्वतःच हे उंच करणारं संप्रेरक, जिबरेलिन, जास्त बनवायला लागतं. का, तर पान उन्हातला लाल रंग खाऊन टाकतं आणि त्याच्या पलीकडचा दूर-लाल खाली सोडतं, म्हणजे झाडाखाली येणारा उजेड नुसता कमी नसतो, त्याचा रंगच बदललेला असतो. गवताच्या आत फायटोक्रोम म्हणून एक रंगद्रव्य असतं ते हा फरक ओळखतं आणि सांगतं की अरे डोक्यावर कुणीतरी आहे, उंच हो. मग होती नव्हती ती साखर उंच होण्यात जाते आणि मुळं, फुटवे उपाशी. म्हणूनच सावलीत युरिया मारायचा नाही, मी मारला, आणि आठ दिवसात लांबच लांब लुसलुशीत पात्या बघून खुश झालो, महिन्याभरात सगळं आडवं.

ह्याच्यावरनं परदेशात चांगलं काम झालंय. टेक्सासमधे झॉयसियाची डायमंड नावाची बारीक पानाची जात १९९६ मधे आली, ती सावलीत बरी टिकते. तिच्यावर तिथल्याच लोकांनी ट्रिनेक्सापॅक-इथाइल हे जिबरेलिन अडवणारं औषध मारून बघितलं तर दाट सावलीत गवत बुटकं राहिलं, दाट राहिलं. म्हणजे उंच होण्यातला वायफळ खर्च थांबवला की तीच कमाई पुरते. जॉर्जियातल्या टिफ्टनला टिफग्रँड नावाची बर्म्युडा तयार केली, बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच हो, आणि हरळीला सावली अजिबात सोसत नाही हे गणपतीला दूर्वा खुडणारं पोर पण सांगेल, तरी ही टिफग्रँड सावलीच्या जाळीखाली टिफवे ह्या जुन्या बर्म्युडा जातीपेक्षा दाट राहिली, कारण तीही मुळात बुटकी. आणि सगळ्यात सावली सोसणारं म्हणून ज्याचं नाव निघतं ते सेंट ऑगस्टीन, रुंद पानाचं. पण त्यातही सगळी सारखी नाहीत. फ्लोराटॅम ही त्यातली १९७३ ची प्रसिद्ध जात, फ्लोरिडा आणि टेक्सासच्या विद्यापीठांनी मिळून काढलेली, तिला दिवसाला ६ तास तरी थेट ऊन पाहिजे. सेव्हिल, कॅप्टिव्हा असल्या बुटक्या जाती ४-५ तासात भागवतात. फ्लोरिडाची सिट्राब्लू ही नंतर आली, ती पण सावलीसाठी नावाजलेली.

पण थांबा, ह्या नावांच्या मागं लगेच लागू नका, इथंच आपली फसगत होते. एक तर हे प्रयोग बहुतेक शेड नेटखाली होतात. काळी जाळी उजेड कमी करते पण रंग बदलत नाही, लाल आणि दूर-लाल दोन्ही सारखेच अडवते. आणि जाळीला मुळं नसतात! आंब्याच्या बारीक खाऊ मुळ्या वरच्या थरातच पसरलेल्या, तुम्ही टाकलेलं पाणी आणि खत आधी आंबा पितो, उरलं तर गवताला. म्हणजे "६० टक्के सावली सोसतं" असं वाचलं तर ते जाळीच्या सावलीचं आहे, बिल्डिंगच्या सावलीला ते बऱ्यापैकी लागू पडतं, आंब्याच्या नाही. माझ्या अंगणात दोन्ही होत्या आणि मी दोन्हीला एकच समजत होतो.

बिल्डिंगच्या सावलीची अजून एक भानगड. मी कार्पेटची जागा दर वर्षी मे महिन्यात ठरवायचो. आता कोल्हापूर आहे साधारण पावणेसतरा अक्षांशावर, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. दक्षिणेच्या अपार्टमेंटची सावली तेव्हा अंगणात येतच नाही, जूनमधे तर सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. मी म्हणायचो वा, ऊन आहे की. आणि डिसेंबरात? २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासनं ५० अंशाच्या आसपासच वर येतो, १२ मीटरच्या इमारतीची सावली उत्तरेला १० मीटर लांब पडते. माझं अख्खं अंगण. त्यात थंडीत रात्री पारा १५ च्या आसपास, ही गवतं खरी पळतात २७ ते ३५ अंशात, म्हणजे वाढ आधीच मंद आणि वर सावली. पावसाळ्याचे चार महिने ढगांनी तर आधीच कमाई कापलेली असते. उचल नेमकी संक्रांतीला का संपते त्याचं गणित हे असं लागलं.

तर मोजायचं कसं. मी साधी फक्की आणली, मैदान आखायची. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी ९, १२ आणि ३ ला सावलीच्या कडेनं फक्की मारली, मार्चमधे परत एकदा. (शेजारची पोरं विचारायला लागली काका ह्यात गोल कुठनं मारायचा. फुटबॉलच्या गावात फक्की दिसली की दुसरं काय सुचणार.) तिन्ही वेळेला सावलीत असलेला तुकडा म्हणजे लॉनसाठी गेलेला तुकडा, त्याच्यावर पैसे घालू नका. ज्यांना आकड्याची हौस आहे त्यांनी फोनमधलं लक्स मीटर ॲप वापरा, दर तासाला रीडिंग घ्या, उन्हाच्या बाबतीत लक्सला ५४ नं भागायचं, त्याला ३,६०० नं गुणायचं, दिवसभराच्या तासांची बेरीज करून १० लाखानं भागायचं, की दिवसाचा एकूण प्रकाश मोलमधे (एका चौरस मीटरवर पडलेले प्रकाशकण मोजायचं एकक) निघतो. माझ्या आंब्याखाली सरासरी साडेसहा हजार लक्स नऊ तास, म्हणजे जेमतेम ४ मोल. कुंपणाच्या कडेला, जिथं तीन तास थेट ऊन येतं तिथं २० च्या आसपास. मोकळ्या मैदानात भर उन्हाळ्यात हाच आकडा ४० च्या वर जातो. अंदाज यावा म्हणून सांगतो, अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात झालेल्या आणि २००५ मधे छापून आलेल्या अभ्यासात टिफईगल बर्म्युडाला ३२ मोलच्या वर लागतात असं निघालं, पण ते गोल्फ ग्रीनवरचं, जवळजवळ ३ मिलिमीटरवर कापलेलं, घरचं लॉन उंच ठेवलं की एवढे लागत नाहीत. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नसतो, आणि झाडाखाली रंग बदललेला असल्यामुळं आकडा अजून फसवा, पण ४ आणि २० मधला फरक सांगायला तो पुरतो.

आता नर्सरीवाल्याचं भांडण. मी "सावलीतलं गवत द्या" म्हटलं आणि त्यानं "बफेलो" म्हणून दिलं. बफेलो नावाखाली तीन वेगळी गवतं फिरतात. ऑस्ट्रेलियात बफेलो म्हणजे सेंट ऑगस्टीन. अमेरिकेत बफेलो ग्रास म्हणजे तिथल्या गवताळ माळरानावरचं बारीक, ऊन मागणारं भलतंच गवत. आणि आपल्याकडं काही ठिकाणी रुंद पानाच्या ॲक्सोनोपसलाही बफेलो म्हणतात, ज्याचं इंग्रजी नाव परत कार्पेट ग्रास, आणि आपण तर गुंडाळून आणलेल्या कुठल्याही लॉनला कार्पेट म्हणतो! म्हणजे तुम्ही "कार्पेट ग्रास" वाचून नर्सरीत कार्पेट मागितलं की मिळणार बहुतेक मेक्सिकन नाहीतर कोरियन, जी झॉयसियाच्या घरातली, किंवा सिलेक्शन वन, जे हरळीच्या. म्हणून नाव विचारू नका, पान बघा. सेंट ऑगस्टीनचं पान रुंद, जाड, टोकाला होडीसारखं बोथट, खालचं आवरण चपटं, आणि पान फुटतं तिथं थोडी मान आवळल्यासारखी दिसते. कुंडीत लावायचं पांढऱ्या पट्ट्याचं गवत मिळतं ना, ते त्याचंच शोभेचं भावंड. ॲक्सोनोपसचं पान पण रुंद पण पातळ, पोपटी, आणि तुरा येतो तो इंग्रजी व्ही सारखा दोन-तीन बोटांचा. दोन्ही सावली सोसतात, ॲक्सोनोपसला ओल पण चालते.

ऑनलाइन "शेड ग्रास" बियांचं पाकीट घेऊ नका. सावलीसाठी म्हणून विकतात ते बहुतेक फेस्क्यू असतं, थंड प्रदेशातलं सी-३ गवत. डिसेंबरात उगवेल, तुम्ही स्टेटस टाकाल, एप्रिलमधे जळून जाईल. आणि सेंट ऑगस्टीन जवळपास नेहमी रोपानं, तुकड्यानंच लावतात, त्यामुळं त्याचं स्वस्त बी दिसलं तर समजून जा.

कार्पेट आणायच्या आधी मी चौथ्या वर्षी एक शहाणपण केलं, रुंद पसरट कुंड्यांत तीन गवतं लावली, मेक्सिकन, सिलेक्शन वन आणि ॲक्सोनोपस, आणि प्रत्येकाची एक कुंडी आंब्याखाली, एक बिल्डिंगच्या सावलीत, एक कुंपणाकडं ठेवली. कुंडीत आंब्याची मुळं येत नाहीत, त्यामुळं नुसत्या उजेडाचा हिशोब कळतो. जून ते फेब्रुवारी थांबलो, चार महिन्यांत निकाल काढायचा नाही कारण उचल आधी संपू द्यावी लागते. सिलेक्शन वन आंब्याखाली दिवाळीतच गेलं, मेक्सिकन बिल्डिंगच्या सावलीत विरळ पण जिवंत, ॲक्सोनोपस कुंपणाकडं आणि बिल्डिंगच्या सावलीत बरं. आंब्याखाली, ४ मोलच्या जागी, तिन्ही गेली. आई म्हणाली, "अरे आंब्याखाली कधी गवत असतंय काय, तिथं माणसं बसतात." तीन वर्षं आणि बरेच हजार घालवून मी तिथंच पोचलो होतो.

जिथं तीन-चार तासाच्या वर ऊन येतं तिथलं टिकवायचं असेल तर हे करा. उंची वाढवा. रुंद पानाचं गवत अडीच-तीन इंच ठेवा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याच्या वर कापू नका. आमचे माळी मामा ब्रश कटर असा चालवायचे की जणू न्हाव्यानं झिरो मशीन मारलं, त्यांना समजावायला एक अख्खा पावसाळा गेला. नत्र उन्हातल्या लॉनच्या निम्मं, आणि ढगाळ दिवसांत जवळपास शून्य. पाणी सकाळी द्या, कमी वेळा पण खोल, सावलीत ओल लवकर वाळत नाही आणि संध्याकाळचं पाणी रात्रभर पानावर राहिलं की बुरशीला आमंत्रणच. सेंट ऑगस्टीनवर पावसाळ्यात करड्या ठिपक्यांचा रोग येतो तो पायरिक्युलारिया कुळातला, म्हणजे राधानगरी-चंदगडकडं भातावर जो करपा येतो त्याचा सख्खा भाऊ, आणि करप्यासारखाच तोही जादा युरियावर माजतो. तणासाठी शेतावरनं उसातलं टू-फोर-डी आणून मारू नका, सेंट ऑगस्टीनला ते सोसत नाही आणि शेजारचा गुलाब पण जाईल.

झाडाची छाटणी करून उजेड वाढतो, खालच्या फांद्या काढल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येतं, आणि ते फळं उतरवल्यावर करायचं म्हणजे मोहोर जात नाही. पण महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा लागू आहे, आपल्याच दारातला आंबा असला तरी करवत लावायच्या आधी वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करा. आणि उघडी मुळं झाकायला वरनं सहा इंच लाल माती ओतायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, मुळांचा श्वास कोंडतो, लॉन तर येत नाहीच, आंबा पण धोक्यात.

सध्या अंगणाची परिस्थिती अशी: कुंपणाकडं ॲक्सोनोपसची पट्टी, दोन हिवाळे काढले तिनं. बिल्डिंगच्या सावलीत तेच, जरा विरळ, जानेवारीत तिकडं मी कुणाला चालू देत नाही. आंब्याखाली फरशीचे तुकडे, मधल्या फटीत मोंडो ग्रास, जे नावाला ग्रास आहे, शास्त्रात शतावरीच्या कुळातलं निघालं, आणि एक बाकडं. आबा सकाळी पेपर घेऊन तिथंच बसतात. परवा विचारत होते, "ह्यावर्षी कार्पेटची गाडी कधी येणार रं?"